बिनविम्याचं वऱ्हाड

रस्त्यावर मोटार अडवणाऱ्या पोलिसाचा सगळ्यांना राग येतो. पण अडवल्यावर त्या पोलिसाचं काय होतं, हे कुणी पाहत नाही. पन्नासच्या दशकात आमच्या वर्धा जिल्ह्यातले बरेचसे रस्ते मुरमाचे होते. मी हात वर केला की मोटार थांबायची, पण तिच्यामागून पळत आलेली धूळ थांबायची नाही. ती मोटारीला ओलांडून पुढे यायची आणि सगळी माझ्या अंगावर बसायची. मोटारमालक आत पांढरा स्वच्छ आणि बाहेर कायदा लालेलाल. संध्याकाळी सावंगीला घरी गेलो की आई दारातच म्हणायची, "आज लई मोटारी धरल्या वाटते रे!"

आज त्या सावंगीत मोठं मेडिकल कॉलेज आहे. रस्त्यावर इतक्या गाड्या असतात की मलाच पलीकडे जाताना थांबावं लागतं. तेव्हा तिथं शेतं होती, आणि मोटार आली तर लोक हातातलं काम टाकून पाहायला उभे राहत. आमचा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर. पोलीस खात्यात शिपाई म्हणून लागलो आणि थोड्याच दिवसांत मला मोटारींच्या तपासणीवर टाकलं. कारण एवढंच, की मला इंग्रजी अक्षरं आणि तारखा वाचता येत होत्या.

माझे वरिष्ठ होते दुबे जमादार. त्यांचं घराणं उत्तरेकडचं, पण जन्म हिंगणघाटचा. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात हिंदी कुठं संपते आणि वऱ्हाडी कुठं सुरू होते, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. भरघोस मिशा, दणकट देह आणि आवाज मात्र मऊ. कागद मागतानासुद्धा घरच्या म्हाताऱ्यांची तब्येत विचारल्यासारखे मागायचे. "रामराम शेठजी. कैसे हो? जरा कागज दिखाव ना."

कागद चार. चालवणाऱ्याचं लायसन्स, मोटारीची नोंदणी, कर भरल्याची चकती आणि विम्याचा दाखला. पहिले तीन लोकांना समजत. विमा मात्र समजत नसे, म्हणून आमचा निम्मा दिवस तो समजावण्यातच जायचा.

कायदा साधा होता. मोटार रस्त्यावर आणायची तर तिच्यापासून दुसऱ्या माणसाला जी इजा होईल, तिच्या भरपाईचा विमा मालकानं आधी उतरवलेला पाहिजे. स्वतःच्या मोटारीचं काय व्हायचं ते होवो, तो मालकाचा प्रश्न. पण पायी जाणारा माणूस तिच्याखाली आला तर त्याला वाऱ्यावर सोडता येणार नाही. दाखला जवळ नसला तर नाव लिहून घ्यायचं आणि ठरलेल्या मुदतीत ठाण्यात आणून दाखवायला सांगायचं. विमाच नसला, किंवा त्याची मुदत संपलेली असली, तर खटला. एवढंच आमचं काम.

हिंगणघाटच्या एका सरकीच्या व्यापाऱ्याला मी असाच अडवला. विम्याचा कागद मागितल्यावर गडी खूश झाला. सीटखालून मखमली पिशवी काढून त्यानं माझ्या हातात एक जाड पॉलिसी ठेवली. मी पाहिली, तर ती त्याच्या स्वतःच्या आयुष्याची.

"शेठजी, हा तुमचा विमा आहे. मोटारीचा पाहिजे."

"मी मेलो तं पैसे भेटते," त्यानं मला समजावलं. "मोटार कायले मरते बावा?"

"मोटार मरत नाई शेठजी, मारते."

यावर त्यानं पॉलिसी पुन्हा पिशवीत घातली. मग चष्मा काढून म्हणाला, "मंग हे मोटार विकतानी काऊन नाई सांगत?" दुबे जमादार इतके हसले की त्यांना झाडाला टेकावं लागलं. शेठजींवर खटला झाला, दंड झाला, आणि पुढच्या खेपेला ते दोन्ही पॉलिस्या घेऊन आले. "हे माही, हे तिची," असं म्हणून त्यांनी मोटारीच्या बॉनेटवर थाप मारली.

हसण्यावारी नेता येईल असं सगळंच नव्हतं. समुद्रपूरच्या रस्त्यानं सोमीबाई नावाची एक गोंड बाई जळणाची मोळी डोक्यावर घेऊन बाजाराला जायची. एका कंत्राटदाराच्या जीपनं तिला उडवलं. जीव वाचला, पण पाय कायमचा अधू झाला. जीपचा विमा कधीच संपला होता, आणि कंत्राटदार काम उरकून कुठल्या कुठे निघून गेला होता. त्याला हुडकत कोण फिरणार? कचेरीच्या ओट्यावर ती नवऱ्याशी गोंडीत हळूहळू बोलत बसली होती. मला पाहिल्यावर मराठीत म्हणाली, "साहेब, कागद त्याच्या मोटारीचा नोयता. मंग पाय माहा काऊन गेला?"

 त्या दिवसापासून विम्याचा दाखला हा माझ्यासाठी नुसता चौथा कागद राहिला नाही. मी तो पहिला मागू लागलो.

आता माझ्या लग्नाची गोष्ट सांगतो. नोकरीच्या आठवणीत लग्न कुठून आलं, असं वाटेल, पण माझ्या सगळ्या नोकरीतली मोठी तपासणी तीच.

समुद्रपूरच्या अलीकडच्या एका खेड्यातल्या महादेवरावांची मुलगी गिरजा मला सांगून आली. मुलगी चौथी पास, घर शेतीवाडीचं. महादेवराव भोळा आणि हौशी माणूस. जावई मोटारींच्या तपासणीवर आहे, हे त्यांनी गावात सांगितलं. गावानं त्याचं 'मोटारखात्यातला जावाई' केलं, आणि पुढच्या आठवडी बाजारापर्यंत नवरदेव मोटारीतून येणार हेही गावानंच ठरवून टाकलं. त्या गावात तोवर एकही नवरदेव मोटारीतून आला नव्हता.

ही बातमी माझ्या बाबांच्या कानावर गेली. त्यांनी विचार न करता निरोप धाडला, "नवरदेव येईन तं मोटारीतूनच येईन." शिपायाच्या घरी मोटार कुठली? बाबा गेले अल्लीपूरला, बापूसाहेबांकडे.

बापूसाहेब तिथले जुने मालगुजार, म्हणजे सारा वसूल करणारे जमीनदार. मालगुजारी जाऊन काही वर्षं झाली होती, पण त्यांची मोटार राहिली होती. कापडी टपाची, रबरी भोंग्याची, पाणी पिऊन पिऊन चालणारी. ते ती स्वतः चालवायचे आणि दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. मी त्यांना रस्त्यावर एकदोनदा अडवलं होतं, म्हणून मला धाकधूक होती. पण ते माझ्या बाबांना म्हणाले, "तुमच्या पोट्ट्यानं मले उन्हात उभं ठेवलं होतं. आता मी त्याले बोहल्यावर उभं करतो. अन् चालवीन मीच!"

माघ महिना होता. हिंगणघाटचा कापसाचा बाजार भरात होता. बाकीचं वऱ्हाड सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं, म्हणजे प्रवासी बसनं, पुढे गेलं. दुपारी आम्ही निघालो. पुढं बापूसाहेब आणि त्यांच्या शेजारी बाबा, मागं माझ्या दोन मावश्या आणि त्यांच्यामध्ये बाशिंग, मुंडावळ्या बांधून मी. हातात लिंबू खोवलेली कट्यार. गाव दिसलं की बापूसाहेब भोंगा वाजवायचे आणि बाबा लोकांना हात करायचे. बाबांना मी इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं.

हिंगणघाट ओलांडलं आणि फाट्यावर बाभळीखाली एक ओळखीचा हात वर झाला. दुबे जमादार!

त्या दिवशी माझ्या जागी ते एकटेच ड्यूटीवर होते. मोटार थांबली, मागची धूळ पुढे गेली आणि नेहमीप्रमाणे त्यांच्या अंगावर बसली. त्यांनी मिशा झटकल्या, आत वाकून पाहिलं आणि मोठ्यानं हसले.

"अरे नामदेव! दुल्हेराजा! मी म्हटलं कोन लाटसाहेब येऊन राह्यला!"

मी उतरून त्यांच्या पाया पडलो. त्यांनी आशीर्वाद दिला, मावश्यांना रामराम केला, बाबांना तंबाखू दिली. मग त्यांना गंमत सुचली. बापूसाहेबांसमोर हात पसरून म्हणाले, "मालिक, जरा कागज दिखाव ना."

बापूसाहेबांनीही मजेत पिशवी काढली. "पाहा, पाहा! चारही हायेत."

दुबेजींनी कागद न पाहताच माझ्या हातात दिले. "ले बेटा. आज तूच चेकिंग कर. शादीच्या दिवशी बी ड्यूटी!"

सगळे हसत होते. मीही हसत होतो. कट्यार काखेत धरून मी सवयीनं विम्याचा दाखला वर घेतला आणि सवयीनंच माझी नजर शेवटच्या तारखेवर गेली. मुदत संपली होती. फार नाही, थोड्याच दिवसांपूर्वी. पण संपली होती.

माझं हसू कुठं गेलं, मला कळलं नाही. मुंडावळ्यांच्या आड माझा चेहरा कुणाला दिसत नव्हता. कागद घडी घालून परत दिला असता तर दुबेजींनी पाहिला नसता. बापूसाहेबांना तर ठाऊकच नव्हतं. पुढचा रस्ता म्हणजे तोच, समुद्रपूरचा. त्या दिवशी बाजार होता. डोक्यावर ओझी घेतलेल्या बाया रस्त्याच्या कडेनं चाललेल्या मला तिथून दिसत होत्या.

"जमादारसाहेब," मी म्हणालो, "विमा संपला आहे."

पहिल्यांदा कुणाला ते खरं वाटेना. बापूसाहेबांनी कागद हिसकून घेतला, लांब धरला, जवळ धरला. "अरे, तो नागपूरचा एजंट दरसाल येते. यंदा कसा नाई आला?"

दुबेजी मला बाजूला घेऊन गेले. आवाज आणखी मऊ करून म्हणाले, "बेटा, आज तू ड्यूटीवर नाहीस."

"मी नाही. पण तुम्ही आहात ना?"

त्यांनी खिशातून खटल्याची वही काढली. मग म्हणाले, "ठीक है. मी खटला लिहितो. तुम्ही लोक निघा. मुहूर्त चुकवू नका."

हा सरळ मार्ग होता. खटला नंतर चालला असता, दंड नंतर झाला असता. पण बिनविम्याची मोटार आहे हे माहीत असून तिच्यात बसायचं आणि तिच्यातूनच उतरून बोहल्यावर चढायचं, हे माझ्याच्यानं होईना. मी म्हणालो, "मी या मोटारीतून जाणार नाही."

बाबा गाडीतून उतरले.  "तुले बायको पाह्यजे का कागद पाह्यजे? तिकडं अख्खं गाव मोटारीची वाट पाहून राह्यलं! मी काय तोंड दाखवू?"

 बाबांना उलट बोलायची माझी कधी हिंमत झाली नव्हती आणि तेव्हाही झाली नाही. पण मी मोटारीत चढलो नाही.

आश्चर्य म्हणजे तिढा बापूसाहेबांनी सोडवला. त्यांनी इंजिन बंद केलं, मोटार स्वतः ढकलून बाभळीखाली लावली आणि म्हणाले, "नवरदेवच नाई बसत तं मी कोनाले नेऊ? जमादार, लिवा माहं नाव. ठसठशीत लिवा."

आता जायचं कसं? एक मालाचा ट्रक आला. थांबवला. त्याचा विमा चोख होता. पण मालाच्या ट्रकात माणसं बसवायला परवानगी नव्हती, आणि हे त्या ड्रायव्हरला मीच गेल्या महिन्यात सुनावलं होतं. तो दात काढत निघून गेला. मग सर्व्हिस मोटार आली, ती इतकी भरलेली की कंडक्टर बाहेर लोंबकळत होता. दुबेजींनी त्यालाच खाली उतरवून झापलं. एक मावशी रडायला लागली. सूर्य कलायला लागला होता आणि लग्न गोरज मुहूर्तावर होतं.

तेवढ्यात हिंगणघाटच्या बाजूनं घुंगरांचा आवाज आला. बाजारात कापूस खाली करून रिकाम्या बैलगाड्या ओळीनं परत निघाल्या होत्या. पहिल्या गाडीवर झिंगरूजी नावाचा काळाकुट्ट, पांढऱ्या मिशांचा शेतकरी होता. त्यानं बाशिंग बांधलेला नवरदेव, रडणारी मावशी आणि झाडाखालची मोटार पाहिली.

"काय झालं जी? मोटार बिघडली?"

"मोटार ठीक आहे. विमा नाही," मी म्हणालो.

झिंगरूजीनं सगळं ऐकून घेतलं. मग आपल्या बैलांकडे पाहिलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "बैलाले इमा लागते का, साहेब?"

"नाही लागत."

"मंग बसा ना!"

दुबेजींनी माझ्या दोन्ही मावश्यांना मागच्या गाडीत बसवलं. बाबा तिसऱ्या गाडीत चढले. मी झिंगरूजीच्या गाडीत बसलो, आणि माझ्या शेजारी, धोतर सावरत, बापूसाहेब.

झिंगरूजीची जोडी शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, धावलेली होती, हे त्यानं थोडं पुढे गेल्यावर सांगितलं. मुहूर्त ऐकून त्यानं बैलांना नुसती जिभेनं टकटक केली. मग काय विचारता! गाडी निघाली ती उधळल्यासारखी. मागच्या गाडीवाल्यांना वाटलं, हा आपल्याला हरवतो काय? त्यांनीही बैल सोडले. घुंगरं, चाकं, मावश्यांच्या किंकाळ्या. गाड्यांच्या फटींत अडकलेला कापूस उडायला लागला आणि बोंडातून फुटल्यासारखा माझ्या बाशिंगावर, शेरवानीवर, भुवयांवर येऊन चिकटायला लागला. रस्त्याकडेच्या बाया बाजूला होऊन हसत होत्या. बापूसाहेबांना राहवेना. "झिंगरू, कासरा इकडं आण!" ते ओरडले. "लहानपणी मी बी पट हाकला हाय!" आणि मालगुजारानं स्वतः बैल हाकले. मोटार चालवताना त्यांचा चेहरा नेहमी काळजीत असायचा. बैल हाकताना तो वीस वर्षांनी तरुण झाला होता.

गावाच्या वेशीवर बँड उभा होता. महादेवराव नवा फेटा बांधून रस्त्याच्या मधोमध होते. आमच्या गाड्या पाहून एक माणूस हात हलवत पुढं धावला, "बाजूले घ्या रे! बाजूले! नवरदेवाची मोटार येऊन राह्यली!"

"मोटार नाई येत," बापूसाहेब ओरडले. "नवरदेव आला!"

बँड बंद पडला. सगळ्या गावानं माझ्याकडे पाहिलं. मी आपादमस्तक पांढरा, जणू कापसाच्या जिनिंगमधून नुकताच निघालो होतो. महादेवराव जवळ आले. त्यांचा चेहरा उतरला होता. माझ्याकडे न पाहता त्यांनी बाबांना विचारलं, "व्याही, मोटार?"

बाबा रस्ताभर एक शब्द बोलले नव्हते. आता ते गाडीत उभे राहिले. मला वाटलं, सगळ्या गावासमोर माझा उद्धार होणार.

"मोटार होती," बाबा म्हणाले. "तुमच्या जावयानं अडवली. कागदात खोट होती म्हणून सोताचं वऱ्हाड अडवलं त्यानं. बाप संग असून अडवलं! आता सांगा, असा जावाई या पंचक्रोशीत दुसरा कोनाच्या घरी हाय का?"

 मग महादेवरावांच्या चेहऱ्यावर हळूहळू तेज यायला लागलं. त्यांना काहीतरी मोटारीपेक्षा मोठं हाती लागल्याचं कळलं होतं. ते गावाकडे वळले आणि दोन्ही हात वर करून म्हणाले, "ऐकलं का? सोताची मोटार! सोताच्या लग्नात!" बँड असा काही वाजायला लागला की झिंगरूजीची जोडी पुन्हा उधळायची वेळ आली.

मुहूर्त साधला. गाडीवाले सगळे पंगतीला बसले, आणि झिंगरूजीला मावश्यांनी आग्रह करकरून वाढलं. तो मात्र दर घासाला मला विचारत होता, "पक्कं ना साहेब, बैलाले नाई लागत?"

दुसऱ्या दिवशी बापूसाहेब सकाळीच हिंगणघाटला गेले. तिथल्या एजंटाला घरून उठवून त्यांनी मोटारीचा नवा विमा उतरवला, तात्पुरता दाखला घेतला आणि बाभळीखालून मोटार काढली. सोबत दुबे जमादारही आले, सुट्टी घेऊन, नवा सदरा घालून. दुपारी भोंगा वाजवत मोटार महादेवरावांच्या दारात उभी राहिली. गावाला मोटार शेवटी पाहायला मिळाली. पुढे बापूसाहेबांनी दंडही हसत भरला.

पाठवणीची वेळ झाली. सासूबाई रडत होत्या, गिरजा रडत होती, महादेवरावही फेट्याच्या शेवानं डोळे पुसत होते. गिरजा मोटारीजवळ आली. पायरीवर पाय ठेवणार, तोच थांबली. डोळे पुसले. तोवर मी तिचा आवाज ऐकला नव्हता.

"बापूसाहेब," ती म्हणाली, "इम्याचा कागद हाय ना?"

आधी कुणाला नीट कळलं नाही. मग दुबेजी हसायला लागले आणि त्यांच्यामागून सगळं अंगण. रडणाऱ्या सासूबाईसुद्धा पदरात तोंड लपवून हसल्या. बापूसाहेबांनी मात्र हसू दाबलं, पिशवीतून दाखला काढला आणि दोन्ही हातांनी तिच्यासमोर धरला.

तिनं तो घेतला. वरून खाली पाहिला. "हे तं इंग्रजी हाय," असं म्हणून तो तिनं माझ्या हातात दिला. "तुमी वाचा."

मी वाचायला लागलो. मोटारीचा नंबर, मालकाचं नाव, कधीपासून कधीपर्यंत. एकेक ओळ मराठीत सांगत गेलो. ती प्रत्येक ओळीला मान हलवत होती आणि तिच्याबरोबर मागं उभं असलेलं सगळं गाव.

"बरोबर हाय?"

"बरोबर आहे."

"मंग चाला," ती म्हणाली, आणि पदर सावरून मोटारीत बसली.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी विम्याचे दाखले वाचत राहिलो. उन्हात, धुळीत, मनातल्या मनात. मुंडावळ्या बांधून, सगळ्या गावादेखत, मोठ्यानं वाचलेला तो एकच.